हातात हलकी

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज दहा दिवसांची झाली, आणि दहाव्या दिवशीच माझ्या मुलीत खोट निघाली. जीभ म्हणे खाली चिकटलेली आहे.

डॉ. निशिगंधा पालव बाई म्हणून चांगल्या आहेत, पण मला राग यायचा तो आलाच. त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून जीभ उचलून दाखवली. खाली पातळ पांढरट पडदा, थेट शेंड्यापर्यंत आलेला. ती रडते तेव्हा जीभ वर जातच नाही, टोक मध्येच खेचलं जातं आणि पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं. मला तर गोड दिसलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "बऱ्याच बाळांना असतं हे. बहुतेकांना काही करावं लागत नाही. प्रश्न एकच, तिला दूध नीट ओढता येतंय का? ते वजन सांगेल. वाढलं तर हात लावायचा नाही. नाही वाढलं तर पडद्याला छोटासा छेद द्यायचा."

छेद! दहा दिवसांच्या पोरीच्या तोंडात कात्री! मी जिवंत असेपर्यंत नाही.

जन्माचं वजन तीन किलो शंभर. आज दोन आठशे साठ. त्यांनी बाळाला घ्यायची पद्धत बदलून दिली आणि चार दिवसांनी परत वजनाला बोलावलं.

घरी आले तर सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं, दोन्ही तळव्यांवर जरा वरखाली केलं आणि म्हणाल्या, "पोरगी हलकी लागते हाताला." सासूबाई म्हणजे बायजाबाई, पस्तीस वर्षं नेरूळच्या मार्केटात मासळी विकतात, त्यांना सगळं हातानंच कळतं. पण हा टोमणा मला कळतो. हलकी म्हणजे आईचं दूध पातळ. इथं सारसोळे गावातली जी बाई बघायला येते ती हेच बोलून जाते. मम्मीचं गुडघ्याचं ऑपरेशन नसतं तर मी कराडलाच गेले असते बाळंतपणाला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बारसं झालं. नाव जाई. नवऱ्याला, कल्पेशला, 'आ'वरून काहीतरी हवं होतं, पण कानात नाव सांगायला त्याची पुतळाआत्या होती आणि तिला पढवून ठेवलं होतं मी.

आत्यांनीच चांदीचा कडदोरा बांधला, चांगला जाडजूड. माझा भाऊ दिपेश कराडहून वाळे घेऊन आला. आत्यांनी फर्मान काढलं, "सवा महिना होयेपरत अंगावरची चांदी उतरवायची नाय. नजर लागते." ठीक आहे, दिसतेही छान.

जिभेचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. म्हणाल्या, "येखंड उगालून जिभंला लाव, आपोआप सुटेल." मी म्हटलं, डॉक्टरांनी दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं सांगितलंय. आत्यांचा चेहरा पडला. पडू दे.

१७ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात जायचं कशाला? घरात काटा आहे! सासूबाईंचा मार्केटातला इलेक्ट्रॉनिक काटा, पाच-पाच ग्रॅमनं आकडा दाखवतो. त्या बाळासाठी रजेवर, तसा काटाही रजेवर. घासूनपुसून घेतला.

वजन कसं करायचं हे मला कोणी शिकवायचं नाही. तळोज्याच्या प्लँटमध्ये सहा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे मी. प्लास्टिकचा टब ठेवला, त्यात दुपट्याची घडी, काटा शून्यावर आणला. बाळाचं झबलं काढलं, टोपडं काढलं, लंगोट काढला. अंगावर चिंधीसुद्धा नाही. तीन वेळा ठेवलं, तिन्ही वेळा एकच आकडा.

दोन नऊशे पंच्याऐंशी!

तीन दिवसांत सव्वाशे ग्रॅम. दुसऱ्या कोणी आणला असता हा आकडा तर मी शंका घेतली असती. पण डॉक्टरांनी पद्धत बदलून दिली होती ना? आता बोला म्हणावं पातळ.

सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी आकडा बघितला, मग तिला उचलून पुन्हा तळव्यांवर धरलं. हार मानायला जड जातं माणसाला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तीन किलो. काल दवाखान्यात गेले नाही. आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले. उत्तर आलं, "छान. तरी एकदा इथल्या काट्यावर बघू." म्हणजे माझ्या काट्यावर विश्वास नाही. नाही तर नाही.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवते. फार दुखतं. दोन्हीकडे भेगा पडल्या आहेत, आज दुपट्याला रक्त लागलं. ती तोंड लावते तेव्हा मी दात आवळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचते. तास तास पिते, मधेच 'टक टक' आवाज होतो, सुटते, परत शोधते, रडते आणि दमून झोपते. झोपली की मी बोट घालून तिला सोडवते. वीस मिनिटांत पुन्हा उठते. पण हे सगळं कोणाला सांगितलं की लगेच पावडरचा डबा येईल घरात. नाही सांगणार.

लंगोट धुता धुता सासूबाई म्हणाल्या, "तीन-चारच निघतात गो दिवसाला. कल्पेशचे किती निघायचे." मी म्हटलं, तुमचा मुलगा, त्याचं सगळंच जास्त. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशी आली, मनगटात घालायला चांदीच्या बिंदल्या घेऊन. काळे मणी, घुंगरू, एवढ्याशा हातात छुमछुम वाजतात. मावशी म्हणाली, हात केवढे बारीक गं हिचे. मी म्हटलं, माझ्यावर गेली.

वजन तीन सत्तर. बिंदल्यांच्या आवाजानं काट्यावर खुदकन हसल्यासारखी वाटली.

कल्पेशला विचारलं, खरं सांग, तुला ती बारीक वाटते? तो म्हणाला, "अगं आकडे आहेत ना तुझ्याकडे. टेन्शन कशाला घेतेस?" त्याचं हे मला आवडतं. आकड्याला मान देतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तीन एकशे दहा!! जन्माचं वजन ओलांडलं, तेही कात्रीशिवाय. ऑफिसच्या मैत्रिणी साखळी आणि लॉकेट घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासमोरच वजन केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्पेशला पेढे आणायला पिटाळलं.

सासूबाईंनी पेढा घेतला नाही. बरं, उपास वगैरेही नव्हता. मैत्रिणी गेल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, "आई, तुम्हाला आकडा दिसत नाही का?"

"आकडा दिसतो गो," त्या म्हणाल्या. "पोरगी दिसत नाय."

मग मीही बोलले. माझं दूध पातळ असावं अशी तुमची इच्छाच आहे, म्हणजे तुमचं खरं होईल, असं काहीसं. जास्तच बोलले. त्यांनी मान खाली घातली आणि मांदेली साफ करत बसल्या. जाई रडायला लागली. हल्ली तिचं रडणंही शहाण्यासारखं झालंय, हळू, थांबून थांबून. परवापासून सासूबाई मार्केट सुरू करणार आहेत. बरंच आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिणारच. माझी चूक माझ्याच अक्षरात राहू दे.

दुपारी सासूबाई मार्केटातून आल्या त्या ताडताड. पाटी टाकली, काटा खाली ठेवला, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. पुतळाआत्या बसल्या होत्या. सासूबाईंनी जाईला माझ्या मांडीवरून उचललं आणि तिच्या कडदोऱ्याचा फासा काढायला लागल्या.

आत्या ओरडल्या, "बायजे, येडी झालीस? सवा महिना नाय झाला!"

सासूबाईंनी वाळे काढले. बिंदल्या काढल्या. साखळी काढली. म्हणाल्या, "आज गिऱ्हाईक मना बोलला, मावशी, बरफ काडून तोल. तवा माज्या डोक्यात उजेड पडला. माज्या नातीचा वजन करते मी, चांदीचा नाय."

आणि तिला काट्यावर ठेवलं.

दोन नऊशे पस्तीस.

मग चांदी ठेवली. एकशे पंच्याहत्तर.

दोन आठवड्यांत पाऊणशे ग्रॅम वाढली माझी मुलगी. पाऊणशे! मी तिचं झबलं काढत होते, टोपडं काढत होते, लंगोट काढत होते, आणि जे अंगावरून उतरवायचं नाही ते अंगच समजत होते. प्लँटमध्ये कोणी असं रीडिंग आणलं असतं तर मी रजिस्टर त्याच्या अंगावर फेकलं असतं. सगळ्या नोंदी काढून बघितल्या. दर वेळी नवा दागिना, दर वेळी नवा आनंद.

मी रडत होते आणि सासूबाई चांदी रुमालात बांधत होत्या. म्हटलं, मला ओरडून का नाही सांगितलंत?

"दोन येला बोलली. दोन येला तू भांडलीस. आन मना तरी कुठं समजत होता, काटा खोटा का माजा हात खोटा." मग म्हणाल्या, "उद्या चल. रडायला मंग टाईम हाय."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखाना. तिथल्या काट्यावर दोन नऊशे चाळीस. डॉक्टर मला रागावल्या नाहीत, आणि त्यानं जास्त लागलं. मीच सगळं सांगितलं, चांदीसकट. त्या एवढंच म्हणाल्या, "चूक सापडली ना? मग पुढचं बघू."

त्यांनी मला पाजायला सांगितलं आणि जवळ बसून राहिल्या. "आता नीट ऐका. जबडा हलतोय. पण गिळल्याचा आवाज येतोय का?" येत नव्हता. फक्त टक टक. पंधरा दिवस मी ती टकटक ऐकत होते, आणि जो आवाज यायलाच हवा होता तो नाही हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग दूध पिळून काढायला शिकवलं. दोन्हीकडचं मिळून अर्धी वाटी निघालं. मी वाटीकडे बघत राहिले.

"दूध आहे तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या. "तिला ओढता येत नाहीये. जीभ पुढे येत नाही, म्हणून ती हिरड्यांनी चावते, म्हणून तुम्हाला जखमा. पंधरा दिवस आपण पद्धत बदलून बघितलं, आता छेद द्यावा असं माझं मत आहे. तोपर्यंत प्रत्येक वेळी पाजून झालं की असं काढलेलं दूध बोंडल्यानं द्या. आणि दोघं मिळून विचार करून सोमवारी या. त्यापलीकडे थांबू नका."

घरी सासूबाईंनी माळ्यावरून कल्पेशचं जुनं चोचीचं बोंडलं काढलं, उकळलं. जाईनं घटाघटा संपवलं. अर्धी वाटी. माझं दूध.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज घरात रणकंदन.

कल्पेश म्हणतो, बोंडल्यानं पितेय ना, मग कापायचं कशाला? पुतळाआत्या म्हणतात, "जीभ कापली का पोर मुकी होनार. लिहून ठेव." (लिहून ठेवलं.) मी म्हटलं, जीभ कापत नाहीत, खालचा पडदा कापतात. कल्पेश म्हणाला, "पण तूच म्हणाली होतीस ना, मी जिवंत असेपर्यंत नाही?"

म्हणाले होते. पंधरा दिवस मी नको त्या माणसांशी भांडले, म्हणून आता हव्या त्या ठिकाणी भांडायचं नाही असा काही नियम नाही. मी सरळ सांगितलं, सोमवारी मी तिला घेऊन जाणार. तू आलास तर सोबत, नाही आलास तर एकटी.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. "कल्पेश, जीभ भाईर काड."

"काय?"

"काड बोलते ना."

काढली बिचाऱ्यानं. दाताच्या पुढे आलीच नाही. टोक मध्ये खेचलेलं, हुबेहूब बदाम. चार वर्षं लग्नाला झाली आणि मला पत्ता नाही! कुल्फी नेहमी चमच्यानं खातो ती का, हे आज कळलं.

तो आपला ओशाळून म्हणाला, "मग बघ ना, माझं काय बिघडलं? बोलतो ना मी नीट?"

"तुजा नाय बिगडला," सासूबाई म्हणाल्या. "माजा बिगडला." आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कल्पेश दोन महिन्यांचा होईपर्यंत काडी होता. त्यांनाही भेगा पडल्या होत्या. याच पुतळाआत्या आणि त्यांची आई म्हणाली होती, बायजाचं दूध पातळ. मग शेजारच्या शेळीचं दूध आणलं, बोंडल्यानं पाजलं, पोर वाचलं. त्यांचं दूध आपोआप आटलं. "सगल्या गावात झाला, बायजाला दूध नाय. धाकटीच्या टायमाला मी छातीला लावलीच नाय तिला. म्हटला, कशाला? पातलच हाय."

आत्या पदर सारखा करत बसल्या.

मला वाटत होतं, 'हलकी' हा टोमणा आहे. ती बाई भ्यायली होती. बत्तीस वर्षं तिनं स्वतःच्या दुधाला दोष दिला, आणि माझ्या वाटीतलं दूध बघून काल ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली होती ते का, हे मला आज समजतंय. मला इतका राग आलाय की कोणावर काढू कळत नाही.

कल्पेश सोमवारी येतोय.

२ डिसेंबर, सोमवार

झालं.

सिस्टर म्हणाल्या, आई बाहेर थांबली तरी चालेल. मी म्हटलं, मला चालणार नाही. जाईला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, सिस्टरनी डोकं धरलं, डॉक्टरांनी जीभ उचलली, गोल टोकाची छोटी कात्री, आणि एवढंच. रक्ताचे दोन-तीन थेंब. लस टोचली तेव्हा यापेक्षा जास्त रडली होती. कल्पेश मात्र पांढराफटक, त्यालाच खुर्ची द्यावी लागली.

लगेच पाजायला दिली. मी सवयीनं दात आवळले, कॅलेंडर शोधलं. मग ते ऐकू आलं. गटक. थांबली. गटक, गटक.

दुखलं थोडं, जुन्या जखमा आहेत. पण गटक ऐकू येत होतं. मी सोबत आलेल्या सासूबाईंना म्हटलं, आई, ऐका. त्यांनी कान जवळ आणला, माझ्या छातीला लागेल इतका, आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. दवाखान्यात लोक बघत होते. बघू देत!

५ डिसेंबर, गुरुवार

जादू वगैरे काही नसते. दोनदा नीट पिते, तिसऱ्यांदा जुन्या सवयीनं चावते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तिला नव्यानं शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतील. जिभेखाली पांढरा डाग दिसतो, तो बऱ्या होणाऱ्या जखमेचा आहे, पू नाही. विचारून घेतलं. बोंडलं चालू आहे, हळूहळू कमी.

गावात बातमी फिरली, बायजाच्या नातीची जीभ कापली. काल दोन बाया आल्या, आज चार. बाळाला बघायचं निमित्त आणि नजर तोंडात. शेवटी मी जाईला घेऊन ओट्यावरच बसले. म्हटलं, या, सगळ्यांनी एकदम बघून घ्या. जीभ आहे, पूर्ण आहे, आणि बायजाबाईंच्या नातीची आहे, तेव्हा उद्या तुम्हालाच ऐकावी लागेल. सासूबाई पाटी उचलत होत्या, त्या एवढ्या जोरात हसल्या की पाटी परत खाली ठेवावी लागली.

पलीकडच्या गल्लीतली मीना मागे रेंगाळली. तिचा मुलगा पाच वर्षांचा, र नीट म्हणत नाही. त्याचं पण कापायचं का? मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, आणि आकड्यांवरून मी किती हुशार आहे हे मला नुकतंच कळलंय. आधी स्पीच थेरपिस्टला दाखव, बऱ्याचदा जिभेचा काही संबंधच नसतो म्हणतात. कोणी बघताक्षणी कात्री काढली तर आणखी एकाला विचार. आणि कोणी नुसतं वेखंड सांगितलं तर माझ्याकडे पाठव त्यांना.

९ डिसेंबर, सोमवार

दवाखान्याच्या काट्यावर तीन दोनशे साठ. लंगोट आठ-नऊ निघतात. पुतळाआत्यांचा फोन आला होता, सवा महिना नीट करा म्हणाल्या. जिभेबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही, पण मनात यादी ठेवली आहे.

आत्ता दुपारी पाजत होते. सासूबाई आत भात टाकत होत्या. जाई पीत होती, गटक गटक, मग सावकाश, मग नुसतीच तोंडात धरून. आणि मग तिनं सोडलं. मी बोट घातलं नाही, ती दमून झोपलीही नव्हती. डोळे टक्क उघडे. ओठाच्या कोपऱ्यातून दूध गालावर ओघळलेलं, मुठी सैल पडलेल्या. पस्तीस दिवसांत प्रत्येक वेळी मीच तिला सोडवली होती. आज तिनं मला सोडलं.

मी पुन्हा तोंडाशी धरून बघितलं. तिनं मान फिरवली. नको म्हणाली मला!

मी हाक मारली, "आई! आई, इकडे या!"

त्या हात पुसत धावत आल्या. "काय झाला?"

"सोडलं तिनं. आपणहून."

त्यांनी जाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदराच्या टोकानं तिच्या गालावरचं दूध टिपलं.

"मंग?" म्हणाल्या. "प्वाट भरला तिचा." आणि भात बघायला आत गेल्या.